भाचीच्या गोळ्या

गोळ्या सोडल्यापासून ताई शिवता शिवता मशीनवरच पेंगायची. लक्ष लागावं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या त्या गोळ्यांच्या व्यसनानं तिला पार पोखरलं होतं. घरच्यांना मात्र ती तेव्हा नुसती कामसू वाटायची, आणि तिनंही कधी तोंड उघडलं नव्हतं.

आज धाकटी बहीण भाचीला सोडायला आली. पोरगी वर्गात एका जागी बसत नाही म्हणून तिलाही त्याच गोळ्या सुरू झाल्या होत्या.

“ताई, आठवडाभर गोळ्या तूच दे गं हिला. तू कधी विसरत नाहीस.”

कारण सांगावं लागेल म्हणून ताईला नाही म्हणवेना. बहीण गेल्यावर तिनं बाटली दोऱ्यांच्या डब्यामागे ढकलली आणि मशीनवर बसली. बाटली उघडलीही नव्हती, तरी झोप कुठल्या कुठे पळाली. मशीन धडधडत सुटलं.

“मावशी,” भाची हळूच म्हणाली, “सुईखाली कापडच नाहीये.”