दमट पाला

मुलीला बंगळुरूला नोकरी लागली आणि तिचे दोन ससे माझ्याकडे राहिले. एक पांढरी मादी, एक राखाडी नर. पेणला रामवाडीत माझ्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे. पहिल्याच आठवड्यात सशांनी एका नव्या साडीचा फॉल कुरतडला. मग मी त्यांना खोक्यात घातलं आणि निडीला थोरल्या बहिणीकडे नेलं. तिचे यजमान वारले होते, मूलबाळ नव्हतं, आणि मागे मोकळी पडवी होती.

"काय गो, ही ब्याद माझ्या गळ्यात कशाला?" आक्का म्हणाली. "मला माझंच होत नाय."

"महिनाभर ठेव. मग बघू."

महिन्याने गेले तर पडवीला जाळी लागलेली. बाजेवर जुनं धुवट लुगडं अंथरून त्यावर तुतीची पानं पसरली होती. रोह्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, पोट भरायला सुकं गवतच द्या, आणि खाऊ म्हणून सुकवलेला पाला, तोही मूठभर. तेवढ्या सांगण्यावर आक्काने सगळा कारभार उभा केला. तुती, पेरू, शेवगा, बांबूची कोवळी पानं. दव गेल्यावर तोडायची, एकेक पुसायचं, सावलीत पसरायची, दिवसातून दोनदा परतायची. ऊन लागू द्यायची नाही. शेवटी एक पान मुठीत चुरून बघायचं. चुरचुरलं तरच पिशवीत. पिशव्या मी ब्लाउजच्या अस्तराच्या तुकड्यांतून शिवून देत असे.

पिशवी नुसती हलली तरी दोघं मागच्या पायांवर उभे राहत. आक्का पान उंच धरायची आणि हसायची. यजमान गेल्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

असं दीड वर्ष गेलं. मग एका सकाळी तिच्या जावेचा फोन आला. आक्का मोरीत पडली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रोह्याला पंधरा दिवस दवाखान्यात काढून घरी आणली तेव्हा तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता, 'नाय'. चहा हवा का विचारलं तर नाय, आणि कप पुढे केला की पिऊन टाकायची. दुखतंय का, नाय. बरं वाटतंय का, नाय. मीही हळूहळू त्या शब्दाकडे लक्ष देईनाशी झाले.

जाऊ शेजारीच राहायची. ती आक्काचं सगळं करायची, सशांना गवतही टाकायची, पण पाल्याचं तिला जमणारं नव्हतं. ते मी अंगावर घेतलं. दर शनिवारी पेणहून रोह्याच्या गाडीने पिशवी घेऊन निघायचं, निडीला उतरायचं. आक्काची खाट पडवीच्या दाराशी आणली होती. मी तिच्या डाव्या हातात पान द्यायचे आणि ती जाळीतून ते सशांना भरवायची. त्या अर्ध्या तासात ती माझ्याकडे माणसासारखी बघायची.

श्रावणात आठवडाभर झड लागली. घरात लुगडीसुद्धा वाळेनात. पाला पंख्याखाली ठेवला होता, तरी शनिवारी सकाळी पानं मऊच होती. मुठीत दाबली तर नुसती गोळा झाली. न नेता जायला हवं होतं. पण रिकाम्या हाताने गेले तर आक्का दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडेल, असं मला वाटलं. पावसात भिजू नयेत म्हणून कापडी पिशवीऐवजी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि गाठ मारली.

निडीला पिशवी सोडली तेव्हा कुबट वास आला. ओल्या फडक्याला येतो तसा. मी एक पान उजेडात धरलं. डाग काही दिसला नाही.

आक्काच्या हातात पान दिलं. तिने ते नाकाशी नेलं.

"नाय," ती म्हणाली. "नाय. नाय."

"अगं, तुझेच ससे आहेत. दे त्यांना."

तिने मूठ मिटली. हाताला ताठा आला असेल असं समजून मी तिची बोटं सोडवली, माझ्या हातात तिचा हात धरला आणि जाळीपाशी नेला. पांढरी लगेच आली. तिने एकामागून एक सगळी पानं खाल्ली. राखाडी वास घेऊन मागे सरला.

सोमवारी जावेचा फोन. "पांढरी खात नाय गो. लेंडीपण नाय. कोपऱ्यात बसून हाय."

मी दुपारच्या गाडीने पोचले आणि तिला टोपलीत घालून रिक्षाने रोह्याला नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, तोंडात पिचकारीने औषध घातलं. "आतडं थांबलंय," ते म्हणाले. "काय खाल्लं होतं?"

"पाला."

"बुरशी होती का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खोटं होतं, आणि तेवढं खोटंही नव्हतं.

परत येताना ती टोपलीतच गेली. जावेने परसात खड्डा केला. आक्काला सांगायची गरज पडली नाही, रिकामी टोपली तिने पाहिली. पंधरवड्यात राखाडीही गेला. त्याने गवताला तोंड लावणंच सोडलं होतं.

त्यानंतर आक्का माझ्या हातून काही घेईना. जावेने घास पुढे केला की तोंड उघडायची, मी केला की ओठ मिटायची. एकदा मी खाटेच्या कडेला बसून सरळ विचारलं, "आक्का, त्या दिवशी तू मला देऊ नको म्हणत होतीस ना?"

"नाय," ती म्हणाली. याचा अर्थ काय लावायचा?

मी जायचं थांबवलं नाही. तिचे केस विंचरायचे, पाय चेपायचे, जावेला भाजी निवडून द्यायचे. आक्का छताकडे बघत राहायची. माघात तिला दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या.

मुलीला मी सांगितलंय की ससे म्हातारे होऊन गेले. गणपतीला ती घरी येते तेव्हा खरं सांगायचं असं ठरवते. ती चार दिवस राहते, मोबाइलमध्ये त्या दोघांचे जुने फोटो दाखवते, आणि मी बघते.