आबांचा सलाम आणि सुजाताची पूड

मैत्रिणींनो, दुपारपासून माझं डोकं तापलंय.

आटपाडीची माझी भाची सुजाता साताऱ्यात माझ्याकडे राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आज तिच्या टेबलावर ऑनलाइन मागवलेली पांढरी पूड दिसली.

"आत्या, त्यानं मेंदूतलं डोपामीन वाढतं. लय लक्ष लागतं. सगळी घेत्यात."

पाकिटावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'फक्त संशोधनासाठी, माणसांनी घेऊ नये.'

"सगळी म्हणजे कोण गं? प्रयोगशाळेतले उंदीर?"

मग तिला आबांची, तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली. सत्तरच्या दशकात त्यांच्या कंपवातावर डोपामीन वाढवणाऱ्या नव्या गोळ्या मिळाल्या. आबा स्वतः बटणं लावू लागले. पण पंधरा ऑगस्टला सलाम करताना हात हलू नये, म्हणून या निवृत्त सुभेदारांनी गुपचूप दुप्पट गोळ्या घेतल्या. सलाम ताठ झाला. संध्याकाळी मात्र ते रिकाम्या अंगणात जवानांना हुकूम सोडत होते.

"मग औषध वाईट व्हतं?"

"नाही. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि आबा पुढे कितीतरी वर्षं आपल्या हातानं जेवले. ती गोळी तपासलेली होती. तुझी पूड कुणी तपासली?"

सुजातानं पाकीट माझ्या हातात दिलं. "आत्या, ही घेतल्यापासनं मला झोपच लागंना झालीया. उद्या डॉक्टरकडं येतीस?"

जाणार आहोत. पोरगी खरं बोलली, अर्धं काम झालं.

तुमच्या मुलांना तुम्ही झोपेबद्दल शेवटचं कधी विचारलंत?