दुसऱ्या भागातला बाप

लेकीला त्या गोष्टीच्या पुस्तकाचा पहिला भाग वाचून दाखवला तो मीच. त्यात बेटावरच्या एका मुलीचा बाप वादळात हरवतो आणि शेवटी घरी येतो. आमचे हे मासेमारीच्या बोटीवर तांडेल, सगळी बोट ह्यांच्या हुकमावर; एकदा गेले की आठ-दहा दिवस खोल समुद्रात. त्यामुळे ती गोष्ट लेकीने इतकी कवटाळली की पुस्तकाची पानं सुटली.

दुसऱ्या भागासाठी तिने माझं डोकं खाल्लं. शेवटी मी मांडव्याहून लाँचने मुंबईला गेले, तेव्हा घेऊन आले. आणि त्या लेखकाने काय करावं? म्हणे, परत आला तो बाप नव्हताच! समुद्रातल्या राक्षसाने बापाचं रूप घेतलं होतं. खरा बाप कुठे, ते पुस्तक संपलं तरी सांगितलं नाही. अरे मेल्या, सुचत नव्हतं तर लिहायचं कशाला? मी चिडचिड चिडले. लेकीने पुस्तक मिटून ठेवलं. मला वाटलं, विसरेल.

त्याच आठवड्यात बोट रेवसच्या धक्क्याला लागली. हे घरी आले ते नेहमीसारखेच. दाढी वाढलेली, कातडी काळवंडलेली. इंजिनाच्या आवाजाने कानाला दडे बसलेले, म्हणून बोलणं ओरडून. बोटीवर पाय फाकून चालायची सवय, ती घरात दोन दिवस जात नाही. दर्यावरून माणूस असाच येतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण पुस्तकातला राक्षसही असाच चालायचा. लेक माझ्यामागे लपली. माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

जेवताना ह्यांनी कालवणात वरून मीठ घेतलं. लेकीचा घास हातातच राहिला.

"आई, तोपण मीठ घ्यायचा," ती माझ्या कानात म्हणाली.

राक्षसाला कोण भितंय! पण पोरगी सख्ख्या बापाला भ्यायली, ह्याचीच मला भीती वाटली.

"काय गो, बापाजवल येनार न्हाय?" म्हणत हे हसत तिला उचलायला गेले. ती किंचाळली. हे जागच्या जागी थिजले. मी समजावलं, ओरडले, एक धपाटाही घातला, पुस्तक माळ्यावर भिरकावलं. कशाचा काही उपयोग नाही. मुक्कामभर ती माझा पदर धरून राहिली आणि हे स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे बसले.

निघायच्या सकाळी बोटीत बर्फ भरून झाला होता. ह्यांनी पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात लेकीने मला विचारलं, तेही चांगलं मोठ्याने, "आई, हे गेले की खरे बाबा येतील ना?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. हे दारातच थांबले. बाहेरून खलाशी हाका मारत होते. मला वाटलं, आता चिडणार, हात उगारणार.

हे तिच्यापासून हातभर लांब उकिडवे बसले.

"व्हय गो," म्हणाले, "येतील हां तुझे बाबा." मग उठले आणि धक्क्याकडे चालू लागले.