आईला जायचं होतं

वर्ध्याला गाडीतून उतरलो तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. समुद्रपूरच्या बसला वेळ होता आणि आईला जायचं होतं.

आई सत्तरीची, त्यात साखरेची बिमारी. रात्री डब्यातल्या संडासाचं दार उघडून तिने नाकाला पदर लावला आणि तशीच परत येऊन बसली. "सकाळी पाहू," म्हणाली. मामाच्या नातीचं लग्न सकाळीच लागणार होतं, म्हणून पांढरी साडी ती घरूनच नेसून निघालेली. रात्रभर तिने ती साडी कशाला म्हणून टेकू दिली नव्हती.

स्टेशनवरचा संडासही तसलाच होता, म्हणून स्टॅंडकडे पायीच निघालो. रस्ते रिकामे, हवा गार, झाडांवर पाखरं. दुसऱ्या कुणी सुंदर पहाट वगैरे लिहिलं असतं. मला नुसता वास येत होता. नालीत सडलेली भाजी, त्यावर डुकरं, आणि 'परिसर स्वच्छ ठेवा' रंगवलेल्या भिंतीवर खर्र्याच्या पिचकाऱ्या. पुरुषांचं बरं आहे, भिंत दिसली की झालं. एक जण तर आमच्याकडे बघत बघत उभा होता. मला शिसारी आली. आईने मान वळवली आणि पावलं आणखी जवळ जवळ टाकायला लागली.

चौकात महिलांचं शौचालय सापडलं. दारावर हसऱ्या बाईचं चित्र, खाली गंजलेलं कुलूप. मी दाराला लाथ घातली.

"काऊन लाथा मारून राह्यली? तुलेच लागन," आई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

पुढच्या गल्लीत एक बाई सडा टाकत होती. अंगण लख्ख, दारात अर्धी काढलेली रांगोळी. मी आईची अडचण सांगितली. ती लगेच विरघळली. "अरे बापा, या ना. मांगंच हाय," म्हणत तिने फाटकाची कडी काढली. मला इतकं बरं वाटलं की रडूच येईल. आईने चपला काढल्या.

"इतक्या सकाळी कुठं निघाल्या जी?"

"समुद्रपूरले. भावाच्या नातीचं लग्न हाय."

"कोनत्या कार्यालयात?"

"कार्यालयात नाई बाई. बुद्धविहारात."

बाईची नजर एकदा आईच्या पांढऱ्या साडीवरून खालीवर गेली. हात फाटकावर परत आला.

"पानी नाई आलं ना पन अजून," ती म्हणाली. तिच्या मागे नळाचा पाइप अंगणात भळभळ वाहत होता. "चहा घेता का? आनतो इथंच, बाहेर."

आवाज तसाच गोड होता. मी तोंड उघडणार तोच आईने माझं मनगट धरलं. चपला पायात सरकवल्या. "चाल. आता दम नाई मले."

त्या कुलूपबंद शौचालयाच्या मागे गेलो. तिथे बाटल्या, कुत्र्यांची घाण, आणि आमच्यासारख्याच अडलेल्या बायांच्या खुणा. अंगावरची शाल दोन्ही हातांनी ताणून मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. सायकलवर एक दूधवाला आला. मी त्याच्याकडे इतकं रोखून पाहिलं की त्याने मान खाली घातली. मागे आई साडी गोळा करत होती, तोल सावरत होती, आणि एकदा भिंतीला हात टेकल्याचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा काठ भिजलेला होता. बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून ती तो चोळत बसली. डाग पसरला, गेला नाही. काठ मुठीत धरूनच ती उभी राहिली.

"तिच्या रांगोळीवरच बसाले पाह्यजे होतं म्या," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. ती हसली नाही.