बूट शिवणाऱ्याचा पाय

रिओ ग्रांदेच्या काठच्या त्या गावात बाल्देमार त्रेविन्योने उभा जन्म बूट शिवले. पाद्र्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांच्या पायांची मापं त्याला तोंडपाठ. स्वतःच्या पायांची तेवढी खबर नव्हती.

पुतणीच्या लग्नात तो स्वतः शिवलेले नवेकोरे बूट घालून अकॉर्डियन थांबेपर्यंत नाचला. दिसेल त्याला सांगत होता, "काय मऊ झालेत! पायात काही आहे असं वाटतच नाही!" वाटणार कसं? मधुमेहाने तळपायाची जाणीव कधीच खाऊन टाकली होती. घरी बायकोने, ओफेलियाने, डावा बूट ओढला तर मोजा रक्ताने भिजलेला. बुटाच्या आत टोक वर करून एक चूक, तळ ठोकायचा बारीक खिळा, उभी होती.

"हे बूट कुणी शिवले?" तिने विचारलं.

"एका गाढवानं," बाल्देमार म्हणाला. "ठोकायची राहिली ती चूक वेगळी, आणि झाली ती चूक वेगळी."

शहाणपण इथंच थांबलं असतं तर बरं. पण त्याने बायकोपासून लपवून जखमेवर बुटांच्या कातड्याला लावायचं मलम चोळलं. कातडं ते कातडं! शेवटी चर्चमध्ये पुढच्या बाकावरची बाई नाकाला रुमाल लावून उठली, तेव्हा ओफेलियाने त्याला तसाच दवाखान्यात नेलं.

जखम हाडापर्यंत गेली होती. पायाची करंगळी काढावी लागली. उरलेला पाय वाचवायचा तर मेलेलं मांस खरवडायचं, पट्ट्या बदलायच्या, पायावर भार द्यायचा नाही, आणि रोज काचेच्या नळकांड्यात पडून दाबाखालचा प्राणवायू घ्यायचा. अख्ख्या परगण्यात सर्वांत देखणे बूट शिवणारा बाल्देमार आता पायात दवाखान्याने दिलेलं प्लास्टिकचं करडं खोकं घालून खुरडत चालू लागला.

"आजोबा, केसांचं तेल आणि मिशीचं मेण धुऊन या," दवाखान्यातली नर्स देलिया म्हणाली. "आत सगळा प्राणवायू. तेलकट काही चालत नाही, भडका उडेल."

मेणावाचून मिशी ओल्या मांजराच्या शेपटीसारखी लोंबली. झाकण लागलं, कान दडपले, आणि गावच्या ह्या मर्दाने काचेवर धपाधप हात मारले. "काढा मला! असं पडायचंच आहे मेल्यावर!" दाब हळूहळूच उतरवावा लागतो, म्हणून तोवर तो आत ओरडत राहिला आणि फरशी पुसणारा माणूस फडकं टाकून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर पोचल्यावर तो गाडीतून उतरेना.

"नको जाऊस," ओफेलिया शांतपणे म्हणाली. "पाय गेला तर मला नाचायला दुसरा शोधावा लागेल. शेजारचा अर्नुल्फो विधुर आहेच."

"अर्नुल्फो? त्याला ताल कुठं कळतो!" म्हणत बाल्देमार उतरला.

त्यानंतर ती रोज काचेबाहेर खुर्ची टाकून बसायची आणि नळकांड्याला जोडलेल्या फोनमधून त्याच्याशी बोलायची. लग्नापासूनच्या सगळ्या तक्रारी तिने क्रमाने काढल्या.

"ऐकतोयस ना, म्हाताऱ्या?"

"पळू कुठं?"

भीतीचं त्याला भान राहिलं नाही. एके सकाळी मात्र रक्तातली साखर इतकी चढली की देलियाने त्याला आतच घेतलं नाही.

"काल गोड पाव खाल्लास?" ओफेलियाने विचारलं.

"दोघांत मिळून एक पिशवी."

"दुसरा कोण?"

"सकाळचा मी आणि संध्याकाळचा मी."

त्या दिवशी ओफेलिया हसली नाही. गाडीत बसून रडली. तो तिच्या शेजारी बसला, आणि पुन्हा त्याने गोड पावाला हात लावला नाही.

हळूहळू जखमेच्या तळाशी लालसर ताजं मांस दिसू लागलं, कडा जवळ आल्या. उन्हाळा सरता सरता जखम मिटली.

चर्चच्या जत्रेत दोघं फक्त एका संथ गाण्यावर नाचले. मग बाल्देमारने खुर्चीत बसून सगळ्यांदेखत बूट आणि मोजा काढला आणि तळवा बायकोपुढे धरला. शेजारच्या बायका ताटं घेऊन लांब सरकल्या.

"बघ गं, काही आहे का?"

ओफेलियाने चष्मा लावून, वाकून, निरखून पाहिलं.

"मळ आहे," ती म्हणाली. "बाकी ठीक."