डेरेलची शेवटची धाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं काहीच तिच्यापासून लपून राहत नाही, असं ती आजही छातीठोकपणे सांगते. तुम्हाला सांगायचं एवढ्यासाठीच, की बोलताना तुमचा चेहरा माझ्यासमोर नाही.

पण आधी डेरेलबद्दल सांगू द्या. मुद्द्यावर यायचं धाडस मला अजून होत नाहीये.

जर्मनीत, इंगोलश्टाटला, माझी तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. गाडी भिंतीवर आदळवायची आणि आत बसवलेल्या पुतळ्याची मान कशी वळते, डोकं कुठे आपटतं, हे संथ गतीच्या व्हिडिओत बघत बसायचं — ही माझी नोकरी. ऑफिसातल्या एकाने मला शेजारच्या गावातल्या अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात ओढून नेलं. त्यांना सामन्यांचा व्हिडिओ काढणारा हवा होता. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवा करायचा. मी सांगलीकडचा, कबड्डीच्या मैदानात वाढलेला. मला खेळ पहिल्याच शनिवारी कळला. चढाईच आहे ही, फक्त हेल्मेट घालून.

आणि चढाईला डेरेल. आमचे बाकीचे गडी गवंडी, शिक्षक, बँकेतले कारकून. क्लब पगार देऊन एखाद-दुसरा अमेरिकन खेळाडू आणायचा, त्यातला हा. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन गर्दीत घुसणारा. तिकडच्या मोठ्या लीगच्या उंबरठ्यावरून परत फिरला, मग कॅनडात खेळला, मग आमच्याकडे. पण नुसता घुसणारा कसं म्हणू? लांबचा चेंडू झेलायला तो. समोरच्यांनी मारलेली किक घेऊन उलट पळायला तो. आमच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, धिप्पाड माणसं चालून आली की मध्ये छाती घालायलाही तोच. एकदा क्वार्टरबॅकचं बोट मोडलं, तर या पठ्ठ्याने स्वतः चेंडू फेकून सामना काढला. मी वर लोखंडी परांचीवर बसलेलो असायचो, आणि त्याच्याकडे बघताना कॅमेरा फिरवायचं विसरायचो. एका माणसात इतकं सगळं कसं मावतं? मला खरंच कळायचं नाही.

घरी जेवायला यायचा. थालीपीठ दह्याशी खायचा आणि मग भांडी घासायला उभा राहायचा. "बघ जरा," बायको मला म्हणायची, "एवढा मोठा खेळाडू, पण सिंकपाशी उभा आहे. तुला कधी सुचलं?" मी हसायचो. मला तर त्याच्या भांडी विसळण्याचंही कौतुक वाटायचं.

तर — तो सामना. मोसमातला शेवटचा. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये. मध्यंतर व्हायला आलं होतं, डेरेल किक घेऊन निघाला आणि दोघे जण दोन बाजूंनी त्याच्यावर आदळले. ढीग झाला. ढीग उठला, डेरेलही उठला, हसला, बाकावर जाऊन बसला. माझ्या कॅमेऱ्यात एवढंच आलं. पण मैदानाच्या मागच्या टोकाला, खांबावर, दुसरा कॅमेरा होता. त्याचं चित्र माझ्या लॅपटॉपवर यायचं. मी ते मागे घेऊन पाहिलं. त्याची मान वळली — मी रोज पाहतो तशी — आणि जमिनीवर पडल्यावर त्याचे दोन्ही हात हवेत ताठ राहिले, मेंदूला मार बसला की राहतात तसे. क्षणभरच. तो क्षणभर तिथे नव्हता. हे मला कळलं नसेल, असं म्हणायची सोय मला नाही. पगारच मला त्याचा मिळायचा.

मध्यंतरात हाइके शिडी चढून वर आली. ती क्लबची डॉक्टर, दर शनिवारी फुकट यायची. "तर, तो म्हणतो काही झालं नाही. मला दोन्ही कॅमेरे दाखव."

मी माझ्या, बाजूच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ दाखवला. तिने विचारलं, मागचा?

"अकू लेअर," मी म्हणालो. बॅटरी संपली. दोन शब्द.

तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि खाली उतरली. तिने माझ्यावर विश्वास का ठेवू नये?

क्लबासाठी केलं का? वरच्या लीगसाठी? तसं असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. लहानपणी आम्हाला लागलं की "माती लाव, ऊठ" म्हणायचे, तेही आठवून पाहिलं. नाही. मला फक्त त्याला आणखी बघायचं होतं.

आणि मी बघितलं. उत्तरार्धात त्याने चेंडू घेतला, डावीकडे गेला, रस्ता बंद. थांबला. वळला. एकाच्या हातातून निसटला, दुसऱ्यावरून उडी मारली, तिसऱ्याला नुसत्या खांद्याने चकवलं, आणि मग पुढे मोकळं मैदान होतं आणि तो होता. मी रडत होतो, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर थोड्या वेळाने त्याला एक साधाच धक्का बसला. तो उठला आणि आमच्या बाकाऐवजी समोरच्या संघाच्या बाकाकडे चालत गेला.

पुन्हा तो खेळला नाही. पडदे ओढून बसायचा, उजेड सहन व्हायचा नाही. आमच्याकडे शेवटचा आला तेव्हा माझ्या बायकोचं नाव त्याला आठवेना, आणि तो तिची माफी मागत राहिला. मग त्याची आई येऊन त्याला घेऊन गेली. हाइके म्हणाली, पहिलाच धक्का दिसला असता तर मी त्याला बसवलं असतं, दोन-तीन आठवड्यांत बरा झाला असता. "चूक माझी," ती म्हणाली, "मी आग्रह धरायला हवा होता." तिने मैदानावर येणं सोडलं. हे ती माझ्याशी बोलत होती — माझ्याशीच — आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मागच्या कॅमेऱ्यातला तो तुकडा मी घरी येताच पुसून टाकला होता. ती धाव मात्र ठेवली आहे. अधूनमधून लावतो. अजूनही अंगावर काटा येतो.