काचपेटीचा कौल

अर्धं पाणी तांब्याने उपसून झालं होतं आणि अक्का काचेवरचं हिरवं शेवाळ घासत होती. पुण्याला शिकायला गेलेल्या नातीची, अवनीची ही माशांची काचपेटी, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली. सात मासे होते, दोन गेले. उरलेल्या पाचांना या घरात फक्त सोमवारी निर्धास्त वाटत असावं. एरवी समोरच्याच गॅसवर बांगड्याचं तिखलं रटरटायचं.

अक्काचे यजमान भाई, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांचं एकच म्हणणं, खिडकीतल्या उन्हाने शेवाळ धरतं, मासे मरतात, पेटी मागच्या पडवीत न्या. अक्का ऐकते कसली! सकाळचं ऊन पेटीतल्या पाण्यावर पडलं, की त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवरच्या देवघरात जाऊन नाचायचा. लोणचं घालू का, कुडाळच्या बाजाराला जाऊ का, सगळं ती त्यालाच विचारायची. कवडसा देवाच्या उजव्या खांद्यावर आला, की कौल मिळाला.

आज भाई देवघराखाली पाटावर बसून गंध उगाळत होते. अक्काने घासणी ठेवली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, नातीचे मासे जगांदेत आणि पेटी हयसरच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा," भाई म्हणाले. जन्मभर देवळात गाऱ्हाण्यांना होकार देत आलेली जीभ ती, डोक्याला विचारायला थांबलीच नाही.

पेटीत पाणी अर्धंच, म्हणून कवडसा आज देवापर्यंत चढला नाही. खालीच, भाईंच्या टकलावर थरथरत बसला.

"उजवो दिल्यान," अक्का म्हणाली. "तुमच्या उजव्या कानाच्या वर."

"ह्यो कौल न्हय गो. पाणी खाली गेला, म्हणान उजेड खाली इलो."

"इलो तर इलो. पण व्हय म्हाराजा कोणी म्हटल्यान?"

भाई गंध उगाळत राहिले. शब्द मोडावा तर जत्रेत देवापुढे उभं कसं राहायचं, आणि मासे मेले तर अवनीला काय सांगायचं? शेवटी प्रयोगशाळेत मुलांपुढे बोलायचा तो आवाज काढून म्हणाले, की कवडशाला लागतं ते फक्त वरचं पाणी. खिडकीकडची काच काळ्या कागदाने झाकायची, पेटीचं तोंड उघडं ठेवायचं. माशांना सावली, देवाला उजेड.

हे इतके दिवस का सुचलं नाही, असं अक्काने विचारलं नाही. गाऱ्हाणं आज घातलं होतं ना. तिने हात पुसले, पिशवी घेतली आणि काळा जाड कागद आणायला नाक्यावरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात निघाली.